जुनी पेट्रोल गाडी घाटात वाजते आणि ओढत नाही: दोष शोधायचा कसा

वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात माझ्या २००४ सालच्या पेट्रोल गाडीने आवाज काढला. गाडीत आम्ही चौघं, एसी चालू, एप्रिलची दुपार. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात चिंचोके खुळखुळवल्यासारखा कडकडाट, आणि कितीही दाबलं तरी गाडी ओढत नव्हती. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये पाच मिनिटं जागेवर रेस करून निदान झालं, "इंजिन उतरवावं लागेल, बोअर-पिस्टन करून घ्या." ते इंजिन आजतागायत उतरवलेलं नाही. बिघाड होता पेट्रोल फिल्टरमध्ये आणि रेडिएटरमध्ये.

जुन्या गाडीत आवाज आणि गेलेला पिकअप या दोन तक्रारी जोडीने आल्या, तर आधी दोन्हींचं मूळ एकच आहे असं धरून चालावं. आणि तपास फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करावा. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडायची वेळ आलीच, तर ती सगळ्यात शेवटी येते.

दोन्ही तक्रारी एकत्र का येतात

पिस्टन वर पोहोचायच्या थोडं आधी प्लग ठिणगी टाकतो. तिथून ज्वाळा सिलिंडरभर पसरत जाते आणि पिस्टनला खाली ढकलते. पण सिलिंडर फार तापला असेल, मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त असेल, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जास्त पुढे, म्हणजे लवकर असेल किंवा पेट्रोलचा ऑक्टेन (आपोआप न पेटण्याची ताकद) कमी असेल, तर लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्वाळा पोहोचायच्या आधीच आपोआप पेटतं. त्या दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. आपल्याला ऐकू येणारा कडकडाट तो हाच. मेकॅनिक त्याला नॉकिंग किंवा पिंगिंग म्हणतात.

आता पिकअपचं. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं की ताकद कमी होतेच, शिवाय सिलिंडर तापतो आणि नॉकिंग सुरू होतं. गाडीला नॉक सेन्सर असेल तर ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) इंजिन वाचवण्यासाठी टायमिंग मागे घेतो, म्हणजे पिकअप आणखी जातो. डिस्ट्रिब्युटरवाल्या (प्लगना पाळीने ठिणगी वाटणारा भाग असलेल्या) जुन्या गाडीत हेच काम मेकॅनिक हाताने करतो. डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला की आवाज बंद. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं आणि महिन्याभराने लक्षात येतं की ॲव्हरेज उतरला आहे आणि गाडी चढावर रडते. आवाज दाबला गेला, दोष तसाच राहिला. म्हणून टायमिंगला हात लावायच्या आधी खालच्या पायऱ्या करून घ्या.

आधी आवाज ओळखा

गॅरेजमध्ये जागेवर उभ्या गाडीला रेस करून नॉकिंग बहुधा कळतच नाही, कारण इंजिनावर लोड नसतो. ते ऐकायचं तर गाडी पूर्ण गरम झाल्यावर चढावर न्या. काच खाली, एसी बंद, टेप बंद. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या आसपास असताना ॲक्सिलरेटर दाबा. कडकडाट सुरू झाला की लगेच तिसरा टाका. गिअर उतरवल्यावर इंजिन जलद फिरतं, मिश्रणाला आपोआप पेटायला वेळ मिळत नाही, आणि आवाज थांबतो किंवा अगदी कमी होतो. तसं झालं तर ते नॉकिंग. ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते.

गिअर बदलून फरक पडत नसेल तर आवाज दुसऱ्या कशाचा तरी आहे. बारीक, शिलाई मशीनसारखी सतत टिकटिक, जागेवर उभ्या गाडीतही येणारी, हेडच्या वरच्या भागातून, ती टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची. सकाळी थंड इंजिनावर येणारा आणि गाडी गरम झाली की जाणारा बोदा आवाज पिस्टन सैल झाल्याचा. तो वर्षानुवर्षं तसाच चालतो, त्याची फार काळजी करू नये.

काळजी करायची ती खोल, जड "ठक ठक" आवाजाची. इंजिनाच्या खालच्या भागातून येतो, रेस केलं की वाढतो, आणि ॲक्सिलरेटर सोडण्याच्या क्षणी जास्त स्पष्ट होतो. हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज असू शकतो. सोबत ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर गाडी तिथल्या तिथे बंद करा आणि टोइंग बोलवा. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" म्हणून चालवली, तर तेवढ्या अंतरात क्रँक खराब होते आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेरही येऊ शकतो.

आवाजाची जागा शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक इंजिनाच्या भागावर, मूठ कानामागच्या हाडाला टेकवलेली. हेडवर, ब्लॉकच्या बाजूला, ऑइल चेंबरवर, अल्टरनेटरवर, वॉटर पंपावर असा फिरवत जा. फॅन आणि बेल्टपासून हात, बाह्या आणि ओढणी लांब ठेवा. सायलेन्सरवरचा उष्णतेचा पत्रा सैल झाला तरी हुबेहूब इंजिनासारखा आवाज येतो, म्हणून गाडी थंड असताना तो हाताने हलवून पाहा. इंजिन माउंटिंग फाटलं असेल तर क्लच सोडताना दणका बसतो, तो वेगळा ओळखता येतो.

गाडी खरंच कमजोर झाली आहे का

याला पैसा लागत नाही, तरी सगळ्यात जास्त वेळा हेच राहून जातं. घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवा, इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा, आणि तुम्ही बॉनेटखाली थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणारी) पाती पूर्ण उघडते का ते पाहा. केबल ताणली गेली असेल किंवा पायाखाली दुहेरी मॅट असेल तर पाती पाऊणच उघडते, आणि आपण इंजिनाला दोष देत बसतो.

मग सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हाताने ढकला. जड जात असेल तर ब्रेक धरून राहिला आहे. दहा किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल, तर दोष त्या चाकात. क्लचसाठी वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरते आहे.

उंचीचाही हिशोब ठेवा. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला साध्या पेट्रोल इंजिनाची सुमारे १० टक्के ताकद विरळ हवेमुळे कमी होते. पाचगणी-महाबळेश्वर १,३०० मीटरच्या आसपास आहे, तिथे नव्या गाडीचाही पिकअप कमीच वाटणार. पण उंचीवर नॉकिंग मात्र कमी होतं. म्हणून गाडी घाटाच्या पायथ्याशी, उन्हात जास्त वाजते आणि वर गेल्यावर शांत होते, असं दिसलं तर ते नॉकिंगच असण्याची शक्यता वाढते.

पेट्रोल

आवाज टाकी भरल्यानंतर लगेच सुरू झाला का, हे आठवा. रॉकेलसारखी भेसळ असेल तर ऑक्टेन उतरतो आणि गाडी वाजते. पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. नोझलचं तोंड पुसून एक थेंब कागदावर टाका. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, डाग मागे राहत नाही. शंका असेल तर टाकी रिकामी होत आली की दुसऱ्या पंपावर साध्यापेक्षा जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा. त्यावर आवाज पूर्ण गेला तर एक धागा हाती लागला. पण महाग पेट्रोल भरत राहणं हा उपाय नव्हे. जी गाडी पंधरा वर्षं साध्या पेट्रोलवर गप्प चालली, ती आज का वाजते हा प्रश्न राहतोच.

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलबद्दल बरंच बोललं जातं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०० च्या वर आहे, त्यामुळे २० टक्के मिश्रणाने ऑक्टेन घटून गाडी वाजते हे म्हणणं चुकीचं आहे. त्रास वेगळ्या वाटेने होतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. नुसत्या पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) जुन्या हिशोबाने बसवलेले, म्हणून मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन गरम चालतं. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने हे बरंच सांभाळून घेते, सेन्सर धड असेल तर. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. जुने रबरी पाइपही फुगतात, चिरतात. कार्बोरेटरवाली गाडी असेल तर सगळे पेट्रोल पाइप बोटांनी दाबून पाहा. चिकट किंवा भेगाळलेला पाइप ताबडतोब बदला, कारण तिथे आगीचा धोका आहे.

माझ्या गाडीचा फिल्टर काढला तेव्हा त्यातलं पेट्रोल आत येण्याच्या तोंडाकडून एका पांढऱ्या वाडग्यात उलटं ओतलं. चहाच्या रंगाचं पाणी बाहेर आलं, आणि तळाला बारीक काळी रेती. गाडी जागेवर छान चालायची, कारण जागेवर पेट्रोल लागतंच किती. चढावर मागणी वाढली की फिल्टर पुरवठा अडवायचा, मिश्रण पातळ व्हायचं, आणि चिंचोके वाजायला लागायचे. एमपीएफआय गाडीत फिल्टर सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, नाहीतर दाबाखालचं पेट्रोल अंगावर उडतं. जवळ विडी-सिगारेट नको, बॅटरीचं निगेटिव्ह काढलेलं हवं. काही गाड्यांत फिल्टर टाकीतच पंपासोबत असतो. तिथे गॅरेजमध्ये गेज लावून, गाडी लोडवर असताना दाब टिकतो की पडतो ते पाहायला सांगा. कायम रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय पंपाच्या जिवावर उठते, कारण पंप भोवतालच्या पेट्रोलनेच थंड राहतो.

एअर फिल्टर उन्हाकडे धरून पाहा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

प्लग काढा आणि नीट बघा

इंजिन थंड झाल्यावर प्लग काढा, आणि कोणता कुठल्या सिलिंडरचा ते क्रमाने ठेवा. जुन्या वर्तमानपत्रावर १, २, ३ लिहून त्यावर मांडले की घोळ होत नाही. सिलिंडरच्या आत काय चाललं आहे याचा इतका स्वस्त पुरावा दुसरा नाही.

चिनी मातीचं टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर निरोगी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, किंवा ठिणगी कमजोर. ओलसर, तेलकट काळं म्हणजे ऑइल आत येतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. टोक खडूसारखं पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ किंवा सिलिंडर फार तापतोय. माझे सगळेच्या सगळे पांढरे होते, आणि त्यामुळेच दोष एका सिलिंडरचा नसून सगळ्यांना पेट्रोल पोहोचवणाऱ्या वाटेवर आहे हे कळलं. एकच पांढरा असता तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा तिथली मॅनिफोल्डची (सिलिंडरना हवा नेणाऱ्या नळ्यांची) गॅस्केट पाहिली असती. पांढऱ्या टोकावर मिरपुडीसारखे काळे किंवा चमकदार ठिपके दिसले तर नॉकिंग बराच काळ चालू आहे आणि पिस्टनची धातू सुटायला लागली आहे. मग मात्र दुरुस्ती होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.

प्लगचा नंबर मॅन्युअलशी ताडून पाहा. चुकीच्या हीट रेंजचा, जास्त गरम राहणारा प्लग बसवला असेल तर तो स्वतःच मिश्रण पेटवतो. गॅप फीलर गेजने मोजा.

पांढरे प्लग दिसले आणि फिल्टर नवा असेल तर हवा कुठून चोरून शिरते ते शोधा. ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डला जाणारे छोटे रबरी पाइप, कार्बोरेटरखालची गॅस्केट. इंजिन चालू ठेवून एकेक पाइप पकडीने चिमटा. एखादा चिमटल्यावर आयडल सुधारला तर गळती त्याच वाटेवर आहे.

उष्णता

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, आणि मी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये तेच टाकत आलो होतो. किटलीच्या तळाला पांढरा थर जमतो ना, तसाच थर रेडिएटरच्या नळ्यांत जमतो. गेजचा काटा मधोमध असूनही हेडचा एखादा भाग जास्त तापू शकतो. थंड गाडीचं झाकण उघडून टॉर्चने नळ्यांची तोंडं पाहा. गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. साफ केल्यावर कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप, तपासायला सोपी युक्ती आहे. सकाळी थंड गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपवर हात ठेवा. काही मिनिटं तो थंड राहून मग झटकन गरम झाला पाहिजे. सुरुवातीपासूनच हळूहळू गरम होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे, किंवा कुणी काढून टाकला आहे. "आपल्या हवेत लागत नाही" म्हणून तो काढायची पद्धत आपल्याकडे फार आहे. तशी गाडी कायम थंड चालते, ईसीयू पेट्रोल जास्त सोडतो, प्लग काळे पडतात, पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही जातात. बसवून घ्या.

टायमिंग आणि ठिणगी

डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत आता टायमिंग लाइट लावा, मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे व्हॅक्यूम पाइप काढून किंवा ठेवून. खूण पुढे असेल तर नॉकिंग, मागे असेल तर पिकअप नाही. इंजिनाचा वेग वाढवत नेलं की खूण सरकत गेली पाहिजे. जागच्या जागी राहिली तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली, टायमिंग पुढे सरकवणारी वजनं गंजून अडकली आहेत. व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या पाइपला तोंडाने ओढून जीभ लावा. ती चिकटून राहिली तर डायफ्राम (आतला रबरी पडदा) चांगला, सुटली तर फाटला.

मिसिंग असेल, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच पेटत नसेल, तर रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करा. एचटी केबलमधून (प्लगला ठिणगीची वीज नेणाऱ्या जाड तारेतून) निळसर ठिणग्या बाहेर उडताना दिसल्या तर केबल बदला. चालू गाडीच्या प्लगची केबल ओढून काढायची जुनी सवय सोडा. शॉक बसतोच, शिवाय कॉइल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतात. एमपीएफआयमध्ये एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहा. ज्याचा काढल्यावर इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर कामच करत नव्हता.

२०१३ नंतरच्या गाडीला, आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांना, मोबाइलला जोडणारं छोटं स्कॅनर चालतं. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी०३०० म्हणजे मिसिंग, पी०३२५ नॉक सेन्सर. कोडवरून दोषाची दिशा कळते, पार्ट नाही. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणं ही महागडी चूक आहे.

सीएनजी असेल तर

तुमच्याकडे एक आयती कसोटी आहे: दोष दोन्ही इंधनांवर आहे का? फक्त पेट्रोलवर वाजते तर वरचा पेट्रोलचा भाग पाहा. सीएनजीचा ऑक्टेन फार जास्त असल्याने त्यावर नॉकिंग सहसा होत नाही. फक्त सीएनजीवर ओढत नाही तर रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅस फिल्टर पाहा. दोन्हींवर ओढत नसेल तर टॅपेट बघा. सीएनजीवर व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होत जातो. असा टॅपेट वाजत नाही, उलट जास्तच शांत होतो, आणि तेवढ्यात व्हॉल्व्ह जळत असतो. म्हणून आवाज नसला तरी मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराने गॅप मोजून घ्या. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर सेटिंग लागत नाही.

कॉम्प्रेशन

एवढं सगळं धड निघूनही गाडी ओढत नसेल तर कॉम्प्रेशन गेज लावून सिलिंडर किती दाब धरतो ते मोजा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि पेट्रोल बंद, बॅटरी भरलेली, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. शेवटची अट विसरली तर आकडे खोटे कमी येतात. अनेक पेट्रोल इंजिनांत १५० ते १८० पीएसआय मिळतं, पण सिलिंडरांमधला फरक आकड्यापेक्षा महत्त्वाचा. तो १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा उठला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट. सगळेच सारखे कमी असतील तर बोअर-पिस्टनचा निकाल देण्याआधी टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा) एखादा दात सरकला आहे का ते पाहा. बोअर-पिस्टन करा असं कुणी म्हटलं तर हे आकडे कागदावर लिहून मागा. ऑइल टाकण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही. माझ्या इंजिनाचे तीन सिलिंडर १६५, १६० आणि १६२ आले, तेव्हा उतरवण्याचा विषय संपला.

कॉम्प्रेशन चांगलं, तरी वेग वाढवत नेल्यावर गाडी गुदमरते, असं असेल तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक आहे. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावून इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर धरून ठेवा. काटा हळूहळू खाली येत राहिला तर धूर बाहेर पडायला वाट नाही.

दुरुस्ती झाल्यावर त्याच रस्त्यावर, तेवढीच माणसं घेऊन, त्याच गिअरमध्ये पुन्हा चढा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. मी आधी फिल्टर बदलून पसरणीला गेलो. पिकअप परत आला होता, पण वरच्या वळणांवर थोडा आवाज राहिला होता. मग रेडिएटर साफ करून पुन्हा गेलो, तेव्हा तो गेला. ५०० किलोमीटर झाल्यावर प्लग परत काढून वर्तमानपत्रावर मांडले. तिन्हींची टोकं फिकट तपकिरी होती.